छंदाची वही

छंद म्हणजे रिकाम्या वेळची करमणूक, असा अर्थ आपण सर्रास करतों. शाळेच्या एखाद्या अर्जांत "आपले छंद कोणते?" असा प्रश्न आला कीं विद्यार्थी वाचन, संगीत, चित्रकला असे तीन शब्द लिहून मोकळा होतो. गेल्या महिन्यांत काय वाचलेंस, असें त्यास पुढें विचारलें तर तो जमिनीकडे पाहूं लागतो. ह्यांत त्याची लबाडी नसते. आवड खरीच असते. पण ती वाऱ्यावर असते, तिला घर मिळालेलें नसतें. आमच्या मतें तें घर म्हणजे एक साधी वही होय. आवडीच्या विषयासंबंधीं जें आज पाहिलें, केलें किंवा सुचलें तें आजच लिहून ठेवावें, आणि अधूनमधून एखाद्या जाणत्या माणसास वाचावयास द्यावें. एवढ्या साध्या संवयीनें मनुष्य कसा वाढतो, हें एका खेडेगांवच्या गृहस्थाच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

इंग्लंडमध्यें हँपशर परगण्यांत सेलबोर्न नांवाचें एक खेडें आहे. तेथें १७२० सालीं गिल्बर्ट व्हाइट ह्याचा जन्म झाला. तो ऑक्सफर्ड येथें शिकला, परंतु मोठ्या जागेच्या मागें न लागतां गांवाकडे परतला, आणि सेलबोर्न व आसपासच्या खेड्यांत दुय्यम पाळकाचें काम करीत राहिला. त्यास बागेचा नाद होता. कोणतें बीं केव्हां पेरलें, काकड्या केव्हां धरल्या, हें तो १७५१ पासून लिहून ठेवूं लागला. पुढें १७६८ पासून त्यानें छापील रकान्यांची वही वापरली. वारा कोणत्या दिशेचा, पारा किती, कोणत्या झाडास पालवी फुटली, कोणता पक्षी प्रथम दिसला, असे तींत रकाने असत. ही वही त्यानें १७९३ सालच्या जून महिन्यापर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें चालविली. त्याच महिन्यांत तो वारला.

आतां कोणी म्हणेल, कीं रोज वारा आणि पारा लिहून काय मिळालें? पहिल्या वर्षीं फारसें कांहीं मिळालें नसेल. परंतु लिहावयाचें म्हटलें कीं नीट पाहावें लागतें, ही गोष्ट हळूहळू परिणाम करते. त्या भागांत हिरवट-पिवळसर रंगाचे अगदीं लहान पक्षी उन्हाळ्यांत येत. ते हातांत धरून पाहिले तरी एकमेकांपासून ओळखूं येणें कठीण, म्हणून लोक त्या सर्वांस एकाच नांवानें ओळखीत. व्हाइटनें त्यांचें गाणें कान देऊन ऐकलें, टिपलें, पुन्हां ऐकलें. आणि हे एक नसून तीन निरनिराळे पक्षी आहेत असें दाखवून दिलें. पक्षी त्याच्या शेजाऱ्यांच्या अंगणांतही तेच गात होते.

त्याला दोन वाचक लाभले, हेंही त्याचें भाग्य. एक टॉमस पेनंट हा प्राणिशास्त्रज्ञ, आणि दुसरा डेन्स बॅरिंग्टन हा कायदेपंडित. १७६७ पासून पेनंटला आणि १७६९ पासून बॅरिंग्टनला तो पत्रें लिही. पत्र लिहावयाचें म्हणजे वहींतील सुटे दाणे निवडून त्यांची माळ करावी लागते. आणि पलीकडून प्रश्न आला कीं उत्तरासाठीं पुन्हां शेतावर जावें लागतें. ह्या पत्रांचेंच पुढें १७८९ मध्यें पुस्तक झालें, आणि सव्वादोनशें वर्षें उलटून गेलीं तरी तें अद्याप छापलें व वाचलें जातें. ग्रंथकार होण्यासाठीं व्हाइट वही घेऊन बसला नव्हता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

१७८३ च्या उन्हाळ्यांत कित्येक दिवस आकाशांत चमत्कारिक धुकें पसरलें होतें. भर दुपारीं सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज दिसे. लोक घाबरले. व्हाइटला कारण ठाऊक नव्हतें. त्यानें जें दिसलें तें तारखांसह लिहून ठेवलें. आइसलंड बेटांतील लाकी येथें त्या जून महिन्यांत ज्वालामुखीचा जो प्रचंड स्फोट झाला, त्याचा तो धूर होता, हें आज आपणांस माहीत आहे. आणि त्या काळच्या हवेचा अभ्यास करणारे व्हाइटच्या ओळींकडे पुरावा म्हणून पाहतात.

त्याचें सगळेंच बरोबर होतें असें मात्र नाहीं. पाकोळ्या हिंवाळ्यांत दूरदेशीं जातात कीं जवळपासच्या बिळाकपारींत झोंपून राहतात, ह्याचा निर्णय त्याला जन्मभर झाला नाहीं. त्याच्या बागेंत टिमथी नांवाचें एक कांसव होतें. त्यावर त्यानें वर्षानुवर्षें नर समजून लिहिलें, आणि त्याच्या मागून तें मादी असल्याचें ठरलें! पण जेथें संशय होता तेथें त्यानें संशय असेंच लिहिलें, म्हणून पुढच्यांस चूक काढतां आली. चार्ल्स डार्विननें हें पुस्तक लहानपणीं वाचलें, आणि तोही पक्ष्यांच्या संवयी टिपून ठेवूं लागला. शेतीला गांडुळांचा उपयोग होतो असें व्हाइटनें १७७७ मध्यें एका पत्रांत लिहिलें होतें; त्याच गांडुळांवर डार्विनचें अखेरचें पुस्तक १८८१ सालीं निघालें.

हें सर्व परदेशीं झालें, असें कोणी म्हणूं नये. आपल्या अलिबागजवळच्या किहीम गांवीं १९३० सालच्या पावसाळ्यांत सालिम अली ह्यांनीं सुगरण पक्ष्यांच्या एका वसाहतीवर पहारा ठेवला. त्या सुमारास त्यांच्या हातीं नोकरी नव्हती. कोणतें घरटें केव्हां सुरू झालें, मादी केव्हां आली, हें ते टिपीत राहिले. त्यावरून असें निघालें, कीं विणकाम नर करतो. तें अर्धें झालें कीं माद्या येऊन पारखतात. एखादीनें घरटें पत्करलें कीं नर तें पुरें करून देतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें विणूं लागतो. आपण मराठींत त्या पक्ष्यास सुगरण म्हणतों आणि कौतुक मात्र भलत्याचेंच करतों! ही हकीकत मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, आणि अलींचें नांव पक्षिशास्त्रांत गाजूं लागलें.

छंद पक्ष्यांचाच असावा असें मुळींच नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. निबंधांत त्याचें "निसर्गाचें मनोहर रूप" आणि "अमृताहुनि गोड" ह्यांपलीकडे कांहीं जात नसे. वडिलांचें सायकलदुरुस्तीचें दुकान होतें, आणि तेथें बसणें त्यास मनापासून आवडे, पण त्याची त्यास लाज वाटे. आम्हीं त्यास सांगितलें, कीं रोज कोणती सायकल आली आणि तिचें काय मोडलें एवढेंच लिही. दिवाळीपर्यंत त्याच्या ध्यानांत आलें, कीं चाकाच्या तारा बहुतेक मागच्याच चाकाच्या तुटतात, आणि त्यांतही दूधवाल्यांच्या. ओझें मागें कॅरियरवर असतें, हें कारण त्यानें आपण होऊन शोधलें. आम्हांस जास्त आनंद त्याची भाषा पाहून झाला. "तार वाकली, मग तडकली, मग तुटली" असें तो लिहूं लागला होता. मनोहर रूप कोठच्या कोठें गेलें होतें.

पालकांचा प्रश्न आम्ही ऐकतों: ह्यानें गुण वाढतात काय? वाढतीलच असें वचन आम्ही देत नाहीं. त्या मुलाचे मराठींत वाढले, गणितांत वाढले नाहींत. पण ज्या मुलास वर्गांत कोठेंच पहिला नंबर मिळत नाहीं, त्यास आपण एका गोष्टीचे जाणते आहों हें कळणें, ह्याची किंमत गुणपत्रिकेंत छापलेली नसते. आई-बापांनीं त्या वहीची टवाळी करूं नये, हें तर उघडच आहे. परंतु भरमसाट स्तुतिही करूं नये. स्तुति ऐकण्यासाठीं लिहिणारें मूल लवकरच खोटें लिहूं लागतें. पेनंट-बॅरिंग्टनप्रमाणें एखादा प्रश्न विचारावा: "मग ती मादी परत आली का रे?" एवढें पुरे.

वही भारी नको. सोनेरी कडांच्या वहींत मुलें चुकण्यास भितात. तारीख, वेळ, जागा आधीं लिहावी. डोळ्यांनीं पाहिलेलें एकीकडे, आणि आपला तर्क निराळा दिसेल असा लिहावा. मोजतां येईल तें मोजावें. हल्लीं हातांतल्या फोननें क्षणांत चित्र निघतें. तें काढावें, पण त्यांत आपणांस काय दिसलें हें दोन ओळींत लिहावें, नाहीं तर महिन्यानें तें चित्र कां काढलें हेंच आठवत नाहीं. चार दिवस खंड पडला तर तेवढी जागा कोरी ठेवून पुढें चालावें. मागचें आठवून भरूं नये.

येत्या जूनपासून वाचनालयांतील खिडकीजवळच्या टेबलावर एक मोठी वही ठेवण्यांत येईल. ज्यास आपल्या वहींतील एखादें पान इतरांस दाखवावेंसें वाटेल त्यानें तें तींत उतरून काढावें. समोरचें पान कोरें राहील. तेथें वाचणारांनीं आपले प्रश्न पेन्सिलीनें लिहावे, आणि खालीं आपलें नांव घालावें.