संधिवात आणि रिव्हॉल्वर-पिस्तुलाची निवड

हातांच्या सांध्यांना संधिवात जडलेल्या व्यक्तीने स्वसंरक्षणासाठी लहान आकाराचे रिव्हॉल्वर अथवा पिस्तूल निवडताना प्रामुख्याने तीन बाबी पाहाव्या लागतात: गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का, चाप ओढण्यास लागणारे बळ आणि शस्त्र भरण्या-रिकामे करण्याची क्रिया. पैकी पहिल्या बाबीचीच चर्चा अधिक होते. हलके शस्त्र ते सोपे शस्त्र, अशी एक समजूत सर्वत्र आढळते व विक्रेतेही ती पुष्कळदा दूर करीत नाहीत. वस्तुतः तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली तर धक्का अधिक बसतो.

भारतातील पर्याय

भारतीय नागरिकाला निवडीचे क्षेत्र मुळातच मर्यादित आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार सैन्य-पोलिसांची ९ मिमी काडतुसे, तसेच .३८० व .४५५ ही रिमची काडतुसे ज्यांत बसतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्वर ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात मोडतात. सर्वसाधारण परवानाधारकाच्या वाट्याला त्यामुळे प्रामुख्याने .३२ आणि .२२ ही मापे येतात. रिव्हॉल्वरमधील .३२ काडतूस लांब व रिमचे असते, तर पिस्तुलाचे .३२ काडतूस आखूड असते. दोन्ही एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पुण्यातील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) तयार झालेल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे आढळतात.

बंदी अन्य कारणांसाठी घातली गेली असली तरी दुखऱ्या हाताला ती एका परीने उपकारकच ठरली आहे. .३२ हे सौम्य धक्क्याचे माप होय.

धक्क्याचे गणित

धक्क्यामागील तत्त्व शालेय भौतिकशास्त्रातील संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत हेच आहे. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने शस्त्र मागे येते. रिव्हॉल्वरच्या .३२ काडतुसाची गोळी साधारण ६.४ ग्रॅमची असून ती सेकंदाला सुमारे २२० मीटर वेगाने सुटते, असे धरू. दारूच्या वायूंचा वाटा हिशेबात घेतला नाही, तर ७०० ग्रॅमचे शस्त्र सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने मागे येईल आणि ५०० ग्रॅमचे सुमारे २.८ मीटर वेगाने. हाताला जिरवावी लागणारी ऊर्जा पहिल्या शस्त्रात सुमारे १.४ ज्यूल, तर दुसऱ्यात जवळपास २ ज्यूल इतकी येते. अवघे २०० ग्रॅम वजन कमी केल्याची ही किंमत आहे. तुलनेसाठी, ७०० ग्रॅमच्याच शस्त्रातून ७.५ ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटल्यास ही ऊर्जा ५ ज्यूलच्या जवळ जाते.

अर्थात, जड शस्त्र हात लांब करून धरणे हेही दुखऱ्या मनगटाला सोपे नसते. म्हणून वजनाचा निर्णय कागदावर होऊ शकत नाही, तो हातात धरूनच करावा लागतो. मुठीचा आकारही महत्त्वाचा आहे. लहान शस्त्राची मूठ बारीक असते. तिच्यावर बोटे पूर्ण मिटावी लागतात आणि धक्का तळहाताच्या छोट्याशा भागावर एकवटतो. संधिवाताच्या रुग्णांना जाड मुठीचा चमचा किंवा लेखणी वापरण्याचा सल्ला व्यवसायोपचार तज्ज्ञ देतात, त्याचेच तत्त्व येथे लागू पडते. किंचित जाड, रबरी मूठ बोटांचा ताण व धक्का दोन्ही कमी करते.

दुखणारा सांधा कोणता?

‘संधिवात’ हा शब्द अनेक विकारांसाठी वापरला जातो. वयोमानाने सांध्यांची झीज होते तेव्हा बोटांच्या टोकाकडील पेरे व अंगठ्याच्या मुळाचा सांधा अधिक दुखतो. आमवातासारख्या दाहक विकारात बोटांच्या मुळांचे सांधे व मनगटे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक काळ टिकू शकतो. अशा रुग्णाचा सकाळचा हात आणि दुपारचा हात हे जणू दोन निराळे हात असतात. शस्त्राची पारख त्यामुळे ताठर अवस्थेतील हाताने करावी. दुकानात मात्र माणूस बहुधा संध्याकाळी जातो.

रिव्हॉल्वरचा चाप दोन प्रकारे ओढता येतो. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवल्यास पुढे चाप ओढण्यास साधारण दीड ते दोन किलो वजनाइतके बळ पुरते. घोडा न चढवता थेट चाप ओढल्यास अनेक रिव्हॉल्वरमध्ये साडेचार ते साडेपाच किलोंइतके बळ लागते. ज्याची तर्जनी दुखते त्याला पहिली पद्धत सोयीची वाटते, पण ज्याच्या अंगठ्याचे मूळ झिजले आहे त्याला घोडा चढवणेच असह्य होते. शिवाय चढवलेला घोडा गोळी न झाडता अलगद उतरवणे हे कापऱ्या हातासाठी धोक्याचे काम आहे. जड चाप ओढताना शस्त्राचे तोंड हलते आणि नेम बाजूला जातो, हा दोष धक्क्याहून गंभीर मानला पाहिजे. धक्का गोळी सुटताना बसतो, चापाचा ताण मात्र त्याच्या आधीच नेम बिघडवून टाकतो.

पिस्तुलात चाप तुलनेने हलका असू शकतो, परंतु पहिले काडतूस नळीत नेण्यासाठी वरची स्लाइड मागे खेचावी लागते. .३२ च्या लहान पिस्तुलांची रचना बहुधा ‘ब्लोबॅक’ प्रकारची असते. तीत नळी स्थिर असून स्लाइडचे वजन व स्प्रिंग यांवरच सारा भार असल्याने स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. चिमटीत पकडून खेचण्याची ही क्रिया आमवाताच्या रुग्णाला पुष्कळदा जमतच नाही. परदेशात २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने सहज खेचता येणाऱ्या स्लाइडचे ‘शील्ड ईझी’ हे पिस्तूल आणले. बेरेटाच्या काही पिस्तुलांत नळीचे मागचे टोक वर उचलून काडतूस थेट आत ठेवता येते. भारतातील सामान्य परवानाधारकाला मात्र नवी परदेशी पिस्तुले आयात करता येत नाहीत.

काही भारतीय शस्त्रे

‘निर्भीक’ हे सहा गोळ्यांचे .३२ रिव्हॉल्वर कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम असून आरंभीची किंमत १,२२,३६० रुपये होती. ते स्त्रियांसाठी योग्य म्हणून प्रसिद्ध करण्यात आले. पर्समध्ये बाळगण्यास ते हलके आहे हे खरे, परंतु वर दिलेल्या हिशेबाने दुखऱ्या हाताला हा हलकेपणा सोयीचा नाही. त्याची रचना मधून मोडून उघडण्याची आहे. घोड्याजवळचा खटका अंगठ्याने दाबून नळी खाली झुकवली की रिकामी काडतुसे एकदम बाहेर येतात. दोन्ही हातांत जोर असणाऱ्यास ही सोय आहे, अंगठा दुखणाऱ्यास तोच खटका अडसर ठरतो.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या स्थापन झाल्या. (त्यांपैकी ‘यंत्र इंडिया’चे मुख्यालय नागपुरात अंबाझरीला आहे, ती कंपनी मात्र पिस्तुले बनवीत नाही.) कानपूरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे .३२ रिव्हॉल्वर आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी लांब आणि काडतुसांचे चक्र बाजूला उघडणारे आहे. वजन व रचना या दोन्ही दृष्टींनी येथील निकषांना ते अधिक उतरते. .२२ चे रिव्हॉल्वर धक्क्यात सर्वांत सौम्य असते, पण या काडतुसाच्या कडेवर जोराने आघात व्हावा लागत असल्याने त्याचा चाप पुष्कळदा अपेक्षेहून जड लागतो.

नागपुरातील परिस्थिती

नागपूर शहरात शस्त्रपरवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. शस्त्र नियम, २०१६ अन्वये अर्जासोबत शारीरिक व मानसिक क्षमतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र द्यावे लागते, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. किमान वय २१ वर्षे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. संधिवातासारख्या वाढत जाणाऱ्या विकारात पाच वर्षे हा मोठा काळ आहे, नूतनीकरणाची वाट न पाहता हाताची क्षमता मधूनमधून तपासून घेणे इष्ट.

रामदासपेठ, धंतोली यांसारख्या भागांत मुले परगावी असलेली वृद्ध दांपत्ये पुष्कळ आहेत आणि चोरीच्या भीतीने शस्त्राचा विचार त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याच वस्त्यांत इस्पितळे, दवाखाने आणि सदनिका भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. ‘प्रबल’चा परिणामकारक पल्ला उत्पादकाच्या मते ५० मीटर आहे. नेम चुकलेली गोळी त्याही पुढे जाते आणि खिडकीची काच तिला अडवीत नाही. भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाचा हक्क देतात, पण तो हक्क आवश्यक तेवढ्याच बळापुरता मर्यादित आहे. म्हणून बंद शस्त्रपेटी व वेगळी ठेवलेली काडतुसे यांचाही विचार निवडीच्या वेळीच करावा. पेटीची लहान किल्ली दुखऱ्या बोटांनी फिरत नसेल तर शस्त्र उघड्यावर राहू लागते.

खरेदीपूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, त्याच्या अनुमतीने व सुरक्षित दिशेला तोंड ठेवून चाप सलग दहा वेळा ओढून पाहावा. दहाव्या वेळी तोंड हलू लागले तर ते शस्त्र त्या हाताचे नव्हे. चक्र उघडणे, काडतुसे काढणे याही क्रिया तशाच करून पाहाव्यात.

घरात आधीपासून शस्त्र असलेल्यांसाठी २०१६ च्या नियमांत आणखी एक तरतूद आहे. परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच त्याच्या वारसाला त्या शस्त्राचा परवाना देता येतो. वारसाने स्वतंत्र अर्ज करावा लागतो व त्याचीही पात्रता तपासली जाते. घरात कोणी घेणारे नसेल, तर परवानगी घेऊन शस्त्र विकता येते.