कफ ‘घट्ट’ आहे म्हणजे नेमका किती? तो मोजतात तरी कसा?

डॉक्टर विचारतात, “कफ पातळ येतो की घट्ट?” आपण म्हणतो, “घट्ट.” विषय संपला. तापासाठी थर्मामीटर आहे, बीपीसाठी मशीन आहे; कफाचं मात्र सगळं अंदाजावर चालतं. पण कफाचा घट्टपणाही मोजता येतो आणि फुप्फुसांच्या काही आजारांमध्ये त्यावर बरंच काही अवलंबून असतं.

(जेवता जेवता वाचत असाल, तर लेख नंतरसाठी सेव्ह करा.)

मुळात कफ असतो कशाला?

आपल्या श्वासनलिकांना आतून कफाचा पातळ थर कायम असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. त्याखाली केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सेकंदाला १० ते १५ वेळा हलतात आणि हा थर घशाकडे ढकलत राहतात. तिथून आपण तो नकळत गिळून टाकतो.

निरोगी कफात सुमारे ९७-९८ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात मीठ, प्रथिनं आणि ‘म्युसिन’ नावाचे लांबलचक रेणू असतात. या म्युसिनचं एक जाळं बनलेलं असतं. सिस्टिक फायब्रोसिस किंवा सीओपीडीमध्ये हे जाळं दाट होतं. पाण्याचं प्रमाण थोड्या टक्क्यांनी जरी घटलं, तरी सिलियांना तो थर ओढवेनासा होतो. कफ साचतो आणि त्यात जंतू वाढतात.

मधासारखा की रबरासारखा?

मध ओतला की वाहतो, पण मागे येत नाही. रबर ताणून सोडलं की मागे येतं, पण वाहत नाही. कफात हे दोन्ही गुण असतात. भेंडी चिरताना सुरीला लागणारी तार आठवा. ती लोंबते आणि सोडली की थोडी आखडतेही.

म्हणून प्रयोगशाळेत कफासाठी दोन आकडे काढतात. रिओमीटर नावाच्या यंत्रात दोन चकत्यांच्या मध्ये कफाचा नमुना ठेवतात. एक चकती स्थिर असते, दुसरी अगदी हलकेच पुढे-मागे फिरते. दिलेल्या जोरातला किती जोर परत मिळाला, यावरून लवचिकता कळते. किती आतच जिरला, यावरून चिकटपणा कळतो.

गंमत म्हणजे जोर वाढवला की कफ पातळ असल्यासारखा वागायला लागतो. सॉसची बाटली जोरात हलवल्यावर होतं ना, तसंच. त्यामुळे सिलियांना न हललेला कफ खोकल्याच्या झोताने सुटू शकतो. म्हणून हळू आणि वेगात, दोन्ही प्रकारे मोजल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

नमुना थेंबभरच असेल तर? मग त्यात जेमतेम एक मायक्रॉनचे चमकणारे मणी मिसळतात आणि ते किती थरथरतात हे मायक्रोस्कोपखाली बघतात. जाळं दाट असेल तर मणी जागच्या जागी अडकतात.

खरी अडचण मात्र यंत्राची नाही, नमुन्याची आहे. खोकून काढलेल्या कफात लाळ मिसळते आणि आकडे बदलतात. नमुना बराच वेळ तसाच राहिला, तर त्यातली एन्झाइम्स जाळंच तोडू लागतात. निरोगी माणसाला तर कफ पडतच नाही, मग तुलना कोणाशी करणार? त्यासाठी खारट पाण्याची वाफ देऊन कफ काढावा लागतो.

एक औषध, दोन निकाल

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन शॅक आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचा कफ घेतला. त्यात मेलेल्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएचे धागे असतात आणि ते कफ आणखी घट्ट करतात. त्यांनी डीएनए कापणारं एन्झाइम त्यात टाकलं. त्यांची एक चाचणी अगदी साधी होती: भांडं तिरकं केल्यावर कफ ओघळतो का? आधी तो हलत नव्हता, काही मिनिटांत वाहू लागला. १९९३ मध्ये डॉर्नेज अल्फा नावाने हे औषध मंजूर झालं आणि सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते आजही वापरतात.

मग ते प्रत्येक घट्ट कफाला का देऊ नये? ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार. त्यातही कफ साचतो. सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या अशा ३४९ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली आणि १९९८ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांचा आजार उलट जास्त वेळा उफाळला आणि फुप्फुसांची क्षमता जास्त घसरली. म्हणजे भांड्यात कफ ओघळला, म्हणून छातीतून तो बाहेर पडेलच असं नाही.

भारतासाठी हा मुद्दा दूरचा नाही. आपल्याकडे ब्रॉन्किएक्टेसिसचं सगळ्यात मोठं कारण आहे पूर्वी होऊन गेलेला टीबी. असे रुग्ण वर्षानुवर्षं कफाचा डबा लॅबमध्ये देत असतात. रिपोर्टमध्ये जंतू कोणता आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे येतं. कफ किती वाहतो, याचा रकाना मात्र त्यात नसतो. रिओमीटर अजून संशोधनाच्या प्रयोगशाळांमध्येच आहे.