ॲम्बेसेडरला इसुझू कसं बसलं?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यातून एक विलक्षण गाडी बाहेर पडली. बाहेरून बघाल तर नेहमीचीच ॲम्बेसेडर. तेच गोलसर छप्पर, तेच फुगीर मडगार्ड, तीच ऐसपैस मागची सीट. हा सांगाडा मुळात १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचा. बॉनेट उघडलं की आत मात्र जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन! स्टिअरिंगच्या दांड्यावरचा चार गिअरांचा लिव्हर गेला होता आणि दोन पुढच्या सीटांच्या मधोमध पाच गिअरांचा दांडा उभा होता. ज्या काळी हा सांगाडा आखला गेला, तेव्हा हे इंजिन कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी दोघांचं जमलं.

जुन्या गाडीत नवं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स बसवण्याचा उद्योग जगभरचे हौशी लोक आणि मिस्त्री वर्षानुवर्षं करत आले आहेत. आपल्या मुंबईतल्या कुर्ल्यातही ते घडलं. तिथल्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली आणलेल्या ११८ एनईची बॉडी होती फियाट १२४च्या घराण्यातली, आणि इंजिन होतं निस्सानचं ११७१ सीसीचं. जुनं काढलं, नवं ठेवलं, चार बोल्ट आवळले, असं हे काम वरवर वाटतं. प्रत्यक्षात त्या चार बोल्टांच्या मागे केवढी भूमिती आणि केवढं गणित उभं असतं, ते कळलं की थक्क व्हायला होतं.

आधी इंजिनच पाहू. ॲम्बेसेडरने अनेक दशकं वापरलेलं १४८९ सीसीचं ब्रिटिश इंजिन उंच आणि सडपातळ प्रकृतीचं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८९ मिलिमीटर. इसुझूचा व्यास ८४ आणि धाव ८२. आता मिनिटाला ४००० फेऱ्यांवर काय होतं बघा. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे मिनिटाला ८००० वेळा तो पूर्ण थांबतो आणि उलट दिशेला सुटतो. जुन्या इंजिनात या धावपळीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ११.९ मीटर, नव्यात १०.९. आकाराने मोठं असूनही नव्या इंजिनाचा पिस्टन त्याच फेऱ्यांना कमी पळतो. शिवाय इसुझूचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे. जुन्यात तो खाली ब्लॉकमध्ये होता आणि व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड मध्ये लागत. हलणारं वजन कमी झालं की इंजिन मोकळेपणाने फिरतं.

पण फिरणारी ताकद चाकांपर्यंत पोचवायची कशी? एका घराण्याचं इंजिन आणि दुसऱ्याचा गिअरबॉक्स जोडायचा, तर मध्ये खास बनवलेली जाड प्लेट लागते. तिची नुसती बोल्टांची भोकं जुळवून भागत नाही. क्रँकशाफ्टचा आस आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आस एका रेषेत यावे लागतात, आणि चूक चालते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! जाणता मिस्त्री फ्लायव्हीलवर डायल गेज बांधतो, इंजिन हाताने हळूहळू फिरवतो आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, गोलाकार कडेवर काटा किती हलतो ते टिपतो. काटा जास्त हलला, तर पुढे क्लच ओढू लागतो, गिअर पडताना अडखळतो आणि बेअरिंग अकाली जातं.

सगळ्यात अद्भुत गोष्ट मात्र गाडीच्या पोटाखाली आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, अधिकच्या चिन्हासारखे पोलादी तुकडे. मागचा ॲक्सल स्प्रिंगांवर वरखाली होतो, म्हणून शाफ्टला वाकून फिरता यावं लागतं. पण या क्रॉसची एक खोड आहे. तो कोनात फिरला की आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर जाणारी गती एकसारखी राहत नाही. एका फेरीत ती दोनदा वाढते, दोनदा घटते. १० अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का असतो. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला १०० वेळा शाफ्ट असा ढकलला आणि ओढला जातो. सगळी गाडी थरथरायला हवी!

ती थरथरत नाही, कारण दुसरा क्रॉस पहिल्याची खोड तंतोतंत पुसून टाकतो. त्यासाठी एक महत्त्वाची अट: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. म्हणजे गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट आणि डिफरन्शिअलचा पिनियन, म्हणजे त्यात आत जाणारा शाफ्ट, एकमेकांना समांतर हवेत. म्हणून नव्या इंजिनाचं माउंटिंग वेल्ड करण्याआधी कोनमापक लावावा लागतो. बॉनेट बंद व्हावं म्हणून इंजिनाचं मागचं टोक दोन अंश खाली झुकवलं, तर त्याचा हिशेब गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला चुकता करावा लागतो.

पाचव्या गिअरचं सुख आकड्यांतच पाहावं. समजा चाकाचा घेर २ मीटर आहे आणि डिफरन्शिअलचं गुणोत्तर साडेचार. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६६७ वेळा फिरतं. चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाबरोबर एकास एक फिरत असेल, तर इंजिनाला ३००० फेऱ्या माराव्या लागतात. पाचव्याचं गुणोत्तर ०.८५ असेल, तर त्याच वेगाला २५५० पुरतात. लांबच्या प्रवासात आवाज आणि झीज दोन्ही कमी होतात.

मग बाकीच्या गाडीची पाळी येते. वेग दुप्पट झाला की ब्रेकांना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, म्हणून जुने ड्रम बदलून पुढे डिस्क घालणं शहाणपणाचं. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात जातो, तेव्हा रेडिएटरही त्या ताकदीचा हवा. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. तिथे आजचा अल्टरनेटर तसाच जोडला तर त्यातले डायोड क्षणात जळतात. गाडी हा सुट्या भागांचा ढीग नव्हे. कोन, गुणोत्तरं, उष्णता आणि विजेची दिशा यांचा तो एक करार आहे. त्यातलं एक कलम बदललं की प्रत्येक भागाशी नव्याने बोलणी करावी लागतात.

कायद्यानेही या कराराची दखल घेतली आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नोंदणी क्रमांक मिळू शकतो, पण ते मूळ रूपात असावं लागतं. इंजिन बदललेल्या गाडीला हा मान मिळणं अवघड.

ही अट मला योग्य वाटते, आणि इंजिन बदलणाऱ्यांचं कौतुकही तितकंच वाटतं. दोन्ही एकत्र नांदू शकतात. मूळ सांगाडा कापू नये. मूळ भोकांत बसणारे, बोल्टांनी आवळलेले ब्रॅकेट करावेत. काढलेलं इंजिन भंगारात न घालता सिलिंडरांत तेल सोडून, भोकं बंद करून कोरड्या जागी ठेवावं. तेवढं केलं तर आज आपण ती गाडी रोज मजेत चालवू शकतो, आणि आपल्यानंतर जो तिचा मालक होईल, त्याला ती पुन्हा मूळ रूपात आणण्याचा हक्कही शाबूत राहतो.