आपल्या डोंगरात पाणी कुठे मुरते?

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा, जिते मागे टाकून हमरापूरला येते, तेव्हा एका बाजूला डोंगरांची रांग आणि दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरत गेलेली भातशेते दिसतात. पावसाळ्यात याच डोंगरांवरून पाणी धो धो वाहते आणि एप्रिल-मेमध्ये पेणच्या खारेपाटातल्या बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही असे का होते? याचे उत्तर डोंगराच्या दगडात आहे.

मुलांच्या भूगोलात चुनखडीचे डोंगर येतात. समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचा गाळ लाखो वर्षे साचून हा दगड बनतो. पावसाच्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो, त्यात गुहा पडतात आणि पोटातून ओढे वाहू लागतात. मेघालयातल्या मौसमाई आणि आंध्र प्रदेशातल्या बेलमच्या गुहा अशाच झाल्या. आपल्या राज्यात चुनखडी सापडते ती चंद्रपूरच्या राजुरा-कोरपना आणि यवतमाळच्या वणी भागात. म्हणूनच सिमेंटचे कारखाने तिकडे उभे राहिले. कोकणात हा दगड नाही. किनाऱ्यावरची जुनी माणसे चुन्यासाठी शिंपले भाजत, ते याच कारणाने.

आपले डोंगर काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर चढत गेला. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. घाटावर हे थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे कललेले आहेत. कर्नाळ्याचा सुळकाही याच काळ्या दगडाचा.

हा कातळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याच्या पोटात मोठे ओढे नाहीत. पाणी राहते ते दगडाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या, मातीच्या थरात. हा थर पातळ असल्याने तो लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. म्हणजे आपली खरी टाकी उतारावरची माती आणि तिला धरून ठेवणारी झाडे आहेत. भरावासाठी डोंगराचा पायथा खरवडून मुरूम नेला की ही टाकीच आपण फोडतो. मग खालच्या विहिरी लवकर आटतात.

दुसरा धोका जिवाचा आहे. मुसळधार पावसात माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरून घसरते. रायगड जिल्ह्याने हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातली दासगाव आणि जुई, २२ जुलै २०२१ रोजी तळीये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी. एकट्या तळीयेत ८० हून अधिक माणसे गेली. मोठ्या पावसापुढे न छेडलेला उतारही कधी टिकत नाही. पायथा कापलेल्या उताराचा आधार तर आधीच गेलेला असतो.

मुंबईत किंवा आखातात कष्ट करून आपली मुले गावाकडे घर बांधायला प्लॉट घेतात. घेण्यापूर्वी मागचा डोंगर एकदा पावसाळ्यात जाऊन पाहावा. उतारावर नव्या भेगा पडल्या असतील, झाडे किंवा विजेचे खांब कलले असतील, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ येत असेल, तर तिथे घर नको. राहत्या घरामागे ही चिन्हे दिसली तर सामान आवरत न बसता बाहेर पडावे, शेजाऱ्यांना उठवावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे.

वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. तेच पाणी डोंगरात मुरू द्यायचे असेल, तर जमातीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत आपण दोन गोष्टी मागायला हव्यात: गावामागच्या उतारावरची खोदाई बंद आणि पावसाच्या तोंडावर झाडांची लागवड.