‘यात गहू आहे का हो?’

गेल्या तीन वर्षांत हे एक वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे की, साताऱ्यातले काही हॉटेलवाले मला मराठीचा प्राध्यापक म्हणून न ओळखता ‘गहूवाले सर’ म्हणून ओळखू लागले आहेत. वर्गात प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट पाहत उभे राहायचे, हा तर माझा रोजचा धंदा. पण हॉटेलच्या गल्ल्यापुढे, मागे माणसे खोळंबलेली असताना, प्रश्न विचारणे हे निराळेच काम आहे. ते मला चाळिशी उलटल्यावर शिकावे लागले.

गोष्ट अशी झाली. आमची धाकटी लेक नऊ वर्षांची असताना तिची वाढ खुंटली. चेहरा पांढुरका, पोट फुगलेले, आणि दाराच्या चौकटीवरची उंचीची रेघ दोन वर्षे जागच्या जागी. जंत असतील, पित्त असेल, दृष्ट लागली असेल; सारे उपाय झाले. अखेर रक्त तपासले, दुर्बिणीने लहान आतड्याचा कण काढून पाहिला आणि डॉक्टरांनी निदान सांगितले, ‘सिलिअ‍ॅक’. गहू जन्मभर बंद. गव्हाचा रवा, मैदा आणि शेवया ओघानेच गेल्या. जवही बंद, म्हणजे सातूचे पीठ गेले.

‘आणि औषध?’ मी विचारले.

‘हेच औषध.’

मला हायसे वाटले. एवढेच ना! सौ. मात्र काही बोलली नाही. स्वयंपाकघर तिला माहीत होते.

लाटणे आणि थापणे

या दुखण्याचे वर्णन लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८८ सालीच करून ठेवले होते; पण गुन्हेगार कोण हे कळायला एक दुष्काळ पडावा लागला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. माणसे उपाशी मरत होती. पण डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना दिसले की, या विशिष्ट दुखण्याची मुले तेवढी सुधारताहेत. आणि पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. त्यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. गव्हातल्या ‘ग्लुटेन’ नावाच्या प्रथिनामुळे अशा माणसांच्या आतड्यातली मखमलीसारखी लव झडून जाते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. जगात शंभर माणसांमागे सुमारे एकाला हा विकार असतो, आणि पुष्कळांना तो आहे हे ठाऊकही नसते.

ग्लुटेन हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ डिंक, खळ. मी त्याला घरगुती मराठीत ‘चिकटा’ म्हणतो. कणीक मळल्यावर ती रबरासारखी ताणली जाते ती या चिकट्यामुळे. पुरणपोळी न फाटता ताटाएवढी होते तीही त्याच्याच कृपेने. ज्वारीत हा चिकटा नाही. म्हणून तिच्या पिठाला गरम पाणी घालून मळावे लागते आणि एवढे करूनही भाकरी लाटण्यापेक्षा थापलेलीच बरी होते. आपण पोळी ‘लाटतो’ आणि भाकरी ‘थापतो’. आपल्या आज्यांनी ते रसायनशास्त्र क्रियापदात बांधून ठेवले आहे!

हा शोध लागल्यावर मी लेकीला ऐटीत नियम सांगितला, ‘जे लाटतात ते तुला वर्ज्य, जे थापतात ते चालेल.’ सौ.ने शांतपणे विचारले, ‘आणि थालीपीठ?’ थालीपीठ थापतात खरे, पण पुष्कळ घरच्या भाजणीत मूठभर गहू असतो. व्याकरणाप्रमाणे इथेही अपवाद निघाला, आणि तोही लेकीच्या सर्वांत आवडीच्या पदार्थात.

घरचे आम्ही निभावून नेले. माण, खटाव, जत या भागांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी गव्हाची पोळी सणासुदीलाच दिसायची; रोजचे जेवण ज्वारी-बाजरीचे. आम्ही फार तर दोन पिढ्या मागे गेलो, इतकेच. खरी अडचण उंबऱ्याबाहेर होती. मैत्रिणींचे वाढदिवस, शाळेची सहल, लग्नाची पंगत – सगळीकडे लेक स्वतःचा डबा मांडीवर घेऊन बसे. एके दिवशी ती म्हणाली, ‘बाबा, मला एकदा हॉटेलात बसून, बशीतून खायचंय.’

तेव्हापासून आमच्या रविवारच्या स्वाऱ्या सुरू झाल्या.

कढईतला गहू

पहिली स्वारी गावातल्या एका जुन्या उपाहारगृहावर. साबुदाणावडा मागवला. ‘यात गहू आहे का हो?’ मालक हसले. ‘अहो सर, उपासाचा पदार्थ आहे! गहू कुठनं येणार?’ लेकीने दोन वडे चवीने खाल्ले. त्या रात्री ती पहाटेपर्यंत पोट धरून कण्हत होती. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने जाब विचारायला गेलो आणि आत डोकावलो. एकाच कढईत आधी कचोऱ्या, मग सामोसे, मग वडे. मालक खोटे बोलले नव्हते. गहू साबुदाण्यात नव्हताच. तो तेलात होता. ‘एवढ्याशानं काय होतंय हो?’ ते म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या नात्यातल्या निम्म्या मंडळींनी लेकीपुढे करंजी धरून हेच वाक्य म्हटलेले आहे. आपल्याकडे प्रेम आग्रहाने मोजतात. मात्र या दुखण्यात ‘एवढेसे’ही पुरते. ज्या मालाच्या वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचे, त्याच्या एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे जवळजवळ नाहीच.

दुसरी स्वारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कॅफेवर. चार टेबले, भिंतीवर अजिंक्यताऱ्याचा फोटो, खिडकीत तुळशीची कुंडी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून अशा ठिकाणी नाचणीची चलती आहे. ‘सर, नाचणीचा केक घ्या!’ मी माझा प्रश्न विचारला. तो आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो मान खाली घालून. ‘सर, निम्मा मैदा आहे. नुसत्या नाचणीचा फुगत नाही.’ फुगणार कसा? हवा धरून ठेवायला चिकटा नको का? त्या दिवशी लेक नुसते लिंबू सरबत पिऊन उठली. येताना मी तिला कंदी पेढा घेऊन दिला. खवा आणि साखर. साताऱ्याने तेवढी लाज राखली.

एक चिमूट

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही सांगलीला, माझ्या सासुरवाडीला गेलो. रेल्वेने कऱ्हाड, किर्लोस्करवाडी करीत जाताना लेक माझ्या कानाशी लागली, ‘सांगलीतही बघायचं ना, बाबा?’ सांगली म्हणजे तिला भडंग आणि कृष्णाकाठचे गणपतीचे देऊळ. मला ती विष्णुदास भाव्यांची सांगली. मराठी रंगभूमीचा पहिला पडदा तिथे १८४३ साली उघडला. आमच्या नाटकाचा शेवटचा अंकही तिथेच व्हायचा होता.

विश्रामबागेच्या बाजूला एका बंगल्याच्या पडवीत साठीच्या आसपासच्या एक बाई छोटेखानी उपाहारगृह चालवीत. मी घसा साफ करून माझा प्रश्न विचारणार, तोच त्यांनी लेकीला विचारले, ‘काय आवडतं ते नंतर सांग, बाळ. आधी, काही चालत नाही असं आहे का?’ तीन वर्षांत हा प्रश्न आम्हांला कोणी आपण होऊन विचारण्याची ती पहिली वेळ. लेकीने सगळे सांगितले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

‘मग थालीपीठ मी तुला देणार नाही. भाजणीत गहू आहे. शेजारच्या टेबलावरचे घावनही नको. तवा तोच आहे. आंबोळी देते, वेगळ्या तव्यावर. पण चटणीला फोडणी घालत नाही हं.’

‘फोडणीत काय असतं?’ सौ. म्हणाली. ‘मोहरी, हळद, हिंग...’

बाई आत गेल्या आणि हिंगाची डबी घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी डबीवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. अस्सल हिंग फार उग्र असतो; म्हणून डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात आणि बांधानी हिंग म्हणून विकतात. त्या डबीवर पीठ कसले तेही छापले होते. गव्हाचे!

आंबोळी उत्तम होती असे लेक म्हणते. मला चव आठवत नाही.

घरी येऊन सासूबाईंच्या मांडणीवरची डबी पाहिली. तेच. साताऱ्याला आमच्या फडताळात तीच पिवळी डबी होती. दीड वर्ष मी हॉटेलवाल्यांची उलटतपासणी करीत हिंडत होतो, लेकीच्या रक्ताचा आकडा का उतरत नाही म्हणून चरफडत होतो, आणि रोजच्या आमटीत आम्ही आमच्याच हातांनी चिमूटभर गहू घालीत होतो. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. नातीला दर सुटीत त्यांनी स्वतः वाढले होते.

‘आजी, हिंगाशिवाय आमटी काही वाईट नाही लागत गं,’ लेक म्हणाली.

‘लागते,’ सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘पण सगळेच खाऊ.’

गेल्या दिवाळीला त्यांनी नवी कढई काढली. त्या कढईत आधी चकल्या आणि अनारसे झाले; मैद्याचे शंकरपाळे शेवटी, आणि तेही जुन्या कढईत, जुन्या झाऱ्याने. चकलीच्या भाजणीत गहू नाही ना हे पाहण्यासाठी त्या स्वतः गिरणीत गेल्या आणि आधी गहू दळलेल्या जात्यावर दळू देईनात. घरी बेसनाचे लाडू झाले, बिनहिंगाचा पोह्यांचा चिवडा झाला. तांदळाच्या पिठाची करंजी मात्र तळताना फुटली, तीनदा फुटली. शेवटी तिचे सारण लेकीने चमच्याने खाल्ले. पुढच्या तपासणीत रक्ताचा आकडा उतरला, आणि यंदा चौकटीवरची रेघ चार बोटे वर सरकली आहे.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी कोणी असे पथ्याचे पोर येईल. त्याला आग्रह करण्यापूर्वी बाईंनी विचारला तो प्रश्न विचारा. डबीवरची बारीक अक्षरे वाचा. गव्हाऐवजी तांदळाचे पीठ घातलेला हिंगही बाजारात मिळतो. आणि एखादा पदार्थ देता येत नसेल तर तसे सरळ सांगा. आमच्या लेकीला आजवर ज्यांनी ‘नाही’ म्हटले, त्यांच्याच दारी ती पुन्हा जायला निघते.

गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला ती पाच मैत्रिणींना घेऊन माझ्या विद्यार्थ्याच्या कॅफेत गेली. त्याने तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात, नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक केला होता. तो बसका झाला होता आणि कापताना चुरा होत होता. सहाही जणींनी तोच खाल्ला, बशीतून. भिंतीवर त्याने खडूने एक फळा रंगवला आहे: डावीकडे ‘गहु आहे’, उजवीकडे ‘गहु नाही’. दोन्हीकडे हू ऱ्हस्व. माझा हात खडूकडे गेला होता, पण मी तो मागे घेतला.