पाणी नसलेल्या गावचा रोइंगवाला

तुमच्या ऑफिसच्या जिममध्ये एक मशीन असतं. संध्याकाळी सातला ट्रेडमिलसाठी रांग लागते, पण हे कोपऱ्यात गप पडून असतं. फार तर कुणीतरी त्यावर टॉवेल वाळत टाकतं. रोइंग मशीन! एकदा त्यावर 2000 मीटर मारून बघाच. पहिल्या 500 ला वाटतं, यात काय मोठंसं? 1000 ला मांड्या पेटतात. 1500 ला आपण नोकरी, ईएमआय आणि एकूणच आयुष्य यांचा फेरविचार करायला लागतो. तुम्ही म्हणाल, वल्हं तर हातांनी मारतात. तिथेच तर गंमत आहे. सीट मागेपुढे सरकते आणि खरी ताकद पायांची लागते. शिवाय नावेत बसायचं ते उलटं तोंड करून. फिनिश लाइन तुमच्या पाठीमागे, आणि समोर दिसतात ते फक्त मागे पडलेले लोक. असलेच तर.

मी मूळची वाशिमची. आमच्याकडे पाण्याची चर्चा म्हणजे एकबुर्जी धरणात किती उरलंय, एवढीच. उन्हाळ्यात नळ कधी येणार यावर अख्ख्या घराचं टाइमटेबल ठरायचं. पाहुणे बोलवायचे तेसुद्धा नळ बघून! त्यामुळे रोइंग हा मला कायम ऑक्सफर्ड-केंब्रिजवाल्यांचा खेळ वाटायचा. रोइंगवर लिहितेय असं फोनवर सांगितलं, तर आईचा पहिला प्रश्न, "तेवढं पाणी हाये कुठी वं आपल्याकडे?"

म्हणून तिला दत्तू भोकनळची गोष्ट सांगितली.

दत्तू नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी पट्टा. वडील विहिरी खोदायचे, आणि शाळकरी वयातच दत्तूही त्यांच्याबरोबर खोदायला लागला. पेट्रोल पंपावर काम करून झालं. 2011 मध्ये वडील गेले. 2012 मध्ये तो सैन्यात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. तिथे प्रशिक्षक कुद्रत अलींनी त्याची उंची बघितली आणि त्याला रोइंगकडे वळवलं. भन्नाट गोष्ट पुढेच आहे. या माणसाला पाण्याची भीती वाटायची! ज्याने पाणी कायम विहिरीच्या तळाशी बघितलं, त्याला 14 किलोच्या, आठ मीटर लांब आणि जेमतेम माणसाएवढ्या रुंदीच्या नावेत बसवलं तर दुसरं काय होणार? पण तीन वर्षांत, 2015 मध्ये, तो बीजिंगला आशियाई चॅम्पियनशिपमध्ये सिंगल स्कल्सचं सिल्व्हर घेऊन आला. सिंगल स्कल्स म्हणजे नावेत एकटा माणूस आणि दोन वल्ही. दम लागला तर सांगायचं कुणाला, हाही प्रश्नच.

मग आलं 2016. आपल्यापैकी अनेकांना ते वर्ष लातूरच्या पाण्याच्या रेल्वेमुळे आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून टँकरच्या वाघिणी भरून लातूरला पाणी जात होतं, आणि त्याच एप्रिलमध्ये दत्तू दक्षिण कोरियातल्या चुंगजूला ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत उतरला. घरी आईला अपघात झालेला, डोक्याला जबर मार. ती मुलाला धड ओळखण्याच्या अवस्थेतही नव्हती. तुम्ही-आम्ही असतो तर एचआरला मेल टाकून घर गाठलं असतं, आणि त्यात काही चूकही नसती. तो उतरला, सिल्व्हर मिळवलं आणि रिओला गेला. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकुलता एक रोइंगपटू!

रिओत तो एकूण तेरावा आला. तेव्हा बऱ्याच जणांनी 'मेडल नाही ना' म्हणून चॅनल बदललं. पण जरा गणित बघा. क्वार्टर फायनलमध्ये तो चौथा आला. पहिले तिघेच मेडलच्या शर्यतीत राहणार होते. नंतर उरलं काय, तर तेराव्या ते अठराव्या नंबरासाठीची शर्यत. ती बघायला कोण येतं? तीही त्याने 6 मिनिटं 54.96 सेकंदांत जिंकली. मला त्याची सगळ्यात आवडती शर्यत हीच वाटते.

2018 ची जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धा आणखी विचित्र. सिंगल स्कल्सच्या फायनलमध्ये आजारी दत्तू सगळ्यात शेवटी आला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये गोल्ड! बक्षीस काय मिळालं? 2019 मध्ये फेडरेशनची दोन वर्षांची बंदी. आरोप असा, की आदल्या दिवशीची शर्यत त्याने मुद्दाम सोडून दिली. आजारी होतो, हे त्याचं म्हणणं. माझं मत विचाराल तर, ज्याने चोवीस तासांत गोल्ड आणून दिलं त्याच्यावर 'मुद्दाम'चा शिक्का मारताना जरा दमानं घ्यायला हवं होतं. जानेवारी 2020 मध्ये बंदी उठली. पण टोकियोच्या तयारीचा ऐन काळ निघून गेला होता, आणि मार्चमध्ये तर सगळ्या जगालाच टाळं लागलं.

लॉकडाऊनमध्ये रोइंगवाल्यांनी करायचं काय? क्रिकेटवाला निदान गच्चीत बॅट फिरवतो. यांना नदी लागते. नदी बंद झाली की उरतं तेच जिमच्या कोपऱ्यातलं मशीन. त्या वर्षाने जगभरच्या रोइंगपटूंना त्याच्यावर बसवलं. पुण्यात कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये आर्मी रोइंग नोड आहे. तिथे तयार झालेले अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग हे दोघे मे 2021 मध्ये पात्र ठरले आणि टोकियोला लाइटवेट डबल स्कल्समध्ये अकरावे आले. ऑलिम्पिक रोइंगमधली भारताची ती सर्वोत्तम कामगिरी. 2024 ला पॅरिसला गेलेला बलराज पंवारही सैन्यातलाच.

अडचण इथेच आहे. सैन्याचे उपकार मान्य, पण म्हणजे वाशिम-रिसोडकडच्या एखाद्या उंच, काटक पोराला नावेपर्यंत पोचायचं तर रस्ता भरतीच्या मैदानातून जातो. पोरीला तर तोही सहजासहजी नाही. आपली पैनगंगा पावसाळ्यात दुथडी भरते, उन्हाळ्यात दगड दाखवते. बारमाही पाणी अडवलेलं असेल तिथेच क्लब उभा राहतो. पुण्याचंच बघा ना, बंडगार्डनचा जुना बंधारा आहे म्हणून नदीत नाव तरंगते.

त्याच नदीवर, संगमाजवळ, सीओईपीच्या बोट क्लबची पोरं-पोरी 1928 पासून चालत आलेला रिगाटा भरवतात. कायाक, पंट, बाणाच्या आकारात चालणाऱ्या नावा, अंधार पडल्यावर मशाली! सगळं विद्यार्थ्यांनी चालवलेलं, आणि बहुतेकांनी नाव पहिल्यांदा बघितलेली असते ती कॉलेजात आल्यावरच. त्यांचा शत्रू दुष्काळ नाही, जलपर्णी आहे. शहराचं सांडपाणी नदीत येतं, त्यावर ही वेल पोसते आणि बघता बघता नदीचं हिरवं मैदान होतं. मग वल्हं पात्यापर्यंत अडकतं, नाव हलत नाही. सराव कधी करायचा ते अशा वेळी कॉलेजचं टाइमटेबल नाही, महापालिकेचं मशीन ठरवतं. परीक्षा असतात त्या वेगळ्याच.

रिगाटा साधारण मार्चमध्ये असतो. एखादा वीकेंड मॉलऐवजी तिथे घालवा. जाताना नाकाला रुमाल ठेवा, नदी आपलीच आहे.