मलम लावले, आराम पडला, पण कशामुळे?

मूळव्याधीच्या मलमाने बरे वाटले असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचा आराम खराच असतो. तपासायचे असते ते त्याचे कारण. गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली सरकतात, कुंथताना सोलवटतात आणि रक्त पडते. सुरुवातीच्या टप्प्यातला हा त्रास पोट साफ होऊ लागले की पुष्कळदा आपोआप ओसरतो. माणूस मात्र मलम आणतो ते दुखणे असह्य झाल्यावर, म्हणजे बहुधा ओसरण्याच्या जरा आधी. शिवाय कोणतेही तुपकट मलम त्या जागी वंगणाचे काम करतेच. मग श्रेय कोणाचे? मलमातल्या वनस्पतीचे, वंगणाचे, की नुसते दिवस गेल्याचे?

हा प्रश्न राळेगणसिद्धीच्या शेतकऱ्याला नवा वाटू नये. 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथे नालाबांध आणि पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आले. पण पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात एखाद्या वर्षी विहीर भरली, तर ते पावसाचेही देणे असू शकते. बांधाचे श्रेय ठरवायचे तर तेवढाच पाऊस झालेल्या, पण बांध नसलेल्या शिवाराशी ताडून पाहावे लागते. मलमाच्या चाचणीत हे दुसरे शिवार म्हणजे औषध नसलेले, पण तसेच दिसणारे आणि तसाच वास येणारे मलम. कोणाला कोणते मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते आणि शेवटपर्यंत ते ना रुग्णाला कळते, ना तपासणाऱ्याला.

चीनमध्ये पारंपरिक मलमांची मोठी बाजारपेठ आहे. त्यांतले मायिंगलोंग सर्वांत प्रसिद्ध. हा व्यवसाय 1582 सालचा मानतात आणि त्याची सुरुवात डोळ्यांच्या औषधाने झाली. कस्तुरी, गोरोचन, मोती, टाकणखार, भीमसेनी कापूर हे त्यातले घटक आपल्या वैद्यांच्याही ओळखीचे. मूळव्याधीच्या रक्तस्रावावरील चिनी वनौषधींच्या चाचण्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये एकत्र तपासल्या. चाचण्या 9, रुग्ण 1822. संख्या कमी नव्हती, पण रचना इतकी कच्ची की ठाम निष्कर्ष निघाला नाही. कापराचा गारवा लावताक्षणी कळतो, म्हणून मलमाची हुबेहूब नक्कल करणे अवघड आहे हे खरे. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

शेकडो वर्षांचा अनुभव खोटा का, हा आक्षेप यावर येतोच. सुश्रुताने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्निकर्म आणि शस्त्रकर्म असे चार मार्ग सांगितले आहेत. अशा अनुभवातून काय तपासावे हे कळते, निकाल मात्र तपासणीनंतरच लागतो. भगंदरावरचे क्षारसूत्र पाहा. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे चढवलेला हा दोरा बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा वापरात आणला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी अनेक केंद्रांवर तुलना केली आणि 1991 मध्ये निष्कर्ष छापले. जखम भरायला क्षारसूत्राने 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेने 4. पण दुखणे उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, शस्त्रक्रियेत 11 टक्के. आयुर्वेदाची बाजू मांडायला यापेक्षा भक्कम भाषा मला दिसत नाही. प्रकृतीनुसार औषध बदलते, मग सर्वांना एकच मलम कसे, असेही विचारतात. त्याला उत्तर आहे: वैद्यांनी प्रकृती पाहून औषध निवडावे आणि ते खरे द्यायचे की नक्कल, एवढेच चिठ्ठीवर सोडावे.

दुखणाऱ्या माणसाला नकली मलम देणे अन्याय नाही का? दोन्ही गटांना चोथायुक्त आहार आणि भरपूर पाणी दिले, तर नाही. 378 रुग्णांवरच्या 7 चाचण्यांचा एकत्र हिशेब सांगतो की चोथ्याने रक्तस्रावाचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. भाकरी, पालेभाजी, इसबगोल यांच्या वर मलमाने आणखी काय दिले, ते सिद्ध व्हायला हवे. नागपूरचे डॉ. प्रवीण गुप्ता यांनी 2011 मध्ये युफोर्बिया प्रोस्ट्राटा या चिकाळ वनस्पतीच्या गोळ्यांचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. अशी कामे मोठी व्हायला हवीत. आज ग्रंथोक्त औषधाच्या परवान्याला अशी चाचणी सक्तीची नाही.

तोवर मलम हवे तर लावा. मात्र शौचावाटे रक्त पडत असेल, तर मूळव्याधच आहे असे गृहीत न धरता आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त पडते, आणि त्यावर कोणतेही मलम चालत नाही.